मेरीची गल्ली

आमच्या पत्त्यात एका चिमुकल्या पोरीचं नाव आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मेरी म्हणजे नुसती पाटी. कोपऱ्यावरच्या घराच्या काळ्या भिंतीवर लावलेली, ‘मेरी स्ट्रीट’.

१९७३ साली आम्ही सॉल्टेअरला राहायला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. यॉर्कशरमधलं, ब्रॅडफर्डपासून तीन-चार मैलांवरचं हे गाव नदीकडे उतरत जातं. बाबा ब्रॅडफर्डच्या एका इस्पितळात ज्युनियर डॉक्टर होते आणि इस्पितळाने दिलेल्या खोल्यांना आई विटली होती. इथली घरं स्वस्त होती, आणि स्वस्त का होती ते पहिल्याच दिवशी कळलं. संडास मागच्या अंगणापलीकडे, आणि घरं बाहेरून कोळशासारखी काळी. मला वाटे इंग्लंडात दगडच काळा निघतो, आपल्याकडे सह्याद्रीत निघतो तसा. तो मुळात मधाच्या रंगाचा आहे आणि वर बसलाय तो शंभर वर्षांचा धूर, हे पुढे लोक भिंती घासून घ्यायला लागले तेव्हा दिसलं. एक घर पिवळं, शेजारचं काळं, असे दात पडल्यासारखे रस्ते काही वर्षं दिसत होते.

आईला मात्र ते गाव पहिल्या फेरीतच ओळखीचं वाटलं. ती लालबागची, चाळीत वाढलेली. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सॉल्टेअरच्या उतारावर उभी राहून तिने खाली बघितलं. एकाला एक चिकटलेली घरं, सगळी एका मापाची, आणि रस्त्याच्या शेवटी गिरणीची चिमणी. “अगं, हे तर आपलंच,” म्हणाली. “फक्त गॅलरी नाही.”

चाळ आणि या घरांत फरक अर्थातच होता. इथे प्रत्येकाचं दार रस्त्यावर, मागे हातभर फरसबंद अंगण, आणि अंगणामागे अरुंद बोळ, ज्यातून कोळसेवाला यायचा. त्या बोळाला यॉर्कशरमध्ये ‘गिनल’ म्हणतात. मी शाळेत शिकलेला पहिला शब्द तो. शुद्ध इंग्रजी शिकवून पाठवलेल्या मुलीने घरी येऊन ‘गिनल’ म्हटल्यावर बाबांनी शब्दकोश काढला होता.

गाव बांधलं टायटस सॉल्टने. ब्रॅडफर्डचा लोकरीचा कारखानदार. लिव्हरपूलच्या गोदामात कुणी न विचारता पडून राहिलेल्या अल्पाका या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लोकरीच्या गाठी त्याने घेतल्या, त्यातून चकचकीत कापड काढलं आणि गडगंज झाला. ब्रॅडफर्ड तेव्हा धुराने आणि कॉलऱ्याने बेजार झालेलं. त्याने शहर सोडून आयर नदीच्या काठी मोकळी जमीन घेतली, १८५३ च्या सप्टेंबरात आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी गिरणी सुरू केली आणि मग पंधराएक वर्षं तिच्याभोवती घरं बांधत राहिला. आठशेच्या वर. प्रत्येक घरात पाणी, गॅस, आणि मागे स्वतःचा संडास. १८५०च्या दशकात कामगाराला स्वतंत्र संडास म्हणजे चैन होती. आम्ही १९७३ साली त्याच्याच नावाने बोटं मोडत होतो, ते वेगळं.

सॉल्ट अधिक आयर, म्हणून सॉल्टेअर. बाबांना यात विनोद सापडला आणि तो त्यांना सोडवेना. येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला ते सांगत, “हे अख्खं गाव खाल्ल्या मिठाला जागणारं आहे.” पाहुणा हसला नाही तर पुन्हा समजावून सांगत.

आणि रस्त्यांना नावं दिली ती घरच्यांची. सगळ्यांत मोठे आडवे रस्ते दोन, एक मालकाचा आणि एक मालकिणीचा: टायटस आणि कॅरोलाइन. मग मुलं: विल्यम हेन्री, जॉर्ज, अमेलिया, एडवर्ड, हर्बर्ट, फॅनी, व्हिटलम, मेरी, हेलन, एडा. धाकटा टायटसही होता, पण त्याला बापाच्याच रस्त्यात वाटा. लॉकवूड आणि मॉसन हे दोन वास्तुरचनाकारही रस्ते होऊन बसलेत. आईला ‘स्ट्रीट’ हा शब्द प्रत्येक वेळी जोडायचा कंटाळा. ती सरळ म्हणायची, “फॅनीकडून दूध आण”, “हर्बर्टमधून जाऊ नको, तिथलं कुत्रं बरं नाही”, “जॉर्जच्या तोंडाशी थांब, मी येते”. बाहेरच्या माणसाला वाटावं, बाईचं सासर मोठं आहे.

आमच्या समोरच्या घरात एक आजी राहायच्या. एकट्या. बाराव्या वर्षापासून त्याच गिरणीत. आधी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस काम, पुढे पूर्ण वेळ, माग चालवायच्या. गिरणी उघडली तेव्हा तिथे बाराशे मागांची सोय होती, दिवसाला तीस हजार यार्ड कापड निघेल अशी. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू यायचा प्रश्नच नसे. म्हणून विणकर बाया ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठं करून, एकेक अक्षर ओठांवर मांडून. गिरणी सुटली तरी या आजींची सवय गेली नव्हती. रस्त्याच्या त्या कडेला उभ्या राहून त्या नुसते ओठ हलवून आईला विचारायच्या, पाऊस येईल का, कपडे काढ, नवरा रात्रपाळीला आहे का.

आणि आईला ते कळायचं! दुकानदाराचं यॉर्कशरी इंग्रजी तिच्या डोक्यावरून जाई, टीव्हीवरच्या बातम्या निम्म्या कळत. पण समोरच्या आजींचं मुकं इंग्रजी तिला चटकन समजे, कारण आजोबा साचेखात्यात तीस वर्षं काढून ठार बहिरे झाले होते आणि लालबागच्या खोलीत सगळे त्यांच्याशी असेच बोलत. आईचं इंग्रजी असं ओठांवरून सुरू झालं. आवाज मागाहून आला. म्हणूनच की काय, ती आजही इंग्रजी बोलताना तोंड जरा जास्तच उघडते.

पहिल्या दिवाळीला घोटाळा झाला. आईने मुंबईहून आणलेल्या डब्यातली रांगोळी काढून दारासमोर पायरीवर छोटंसं कमळ काढलं. सकाळी उठून बघतो तर कमळ गायब आणि पायरी धुऊन स्वच्छ. समोरच्या आजींना वाटलं, पायरीवर काहीतरी पांढरं सांडलंय, बिचारीला अजून इथली रीत माहीत नाही. म्हणून त्या पहाटे बादली घेऊन आल्या आणि गुडघ्यावर बसून घासून गेल्या. आई रडकुंडीला आली होती. बाबांनी जाऊन समजावलं, तेव्हा आजी इतक्या ओशाळल्या की दोन दिवस दिसल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या हातात एक दगड घेऊन.

साबणाच्या वडीएवढा, खडबडीत. त्याला ‘डाँकी स्टोन’ म्हणत, कारण बनवणाऱ्यांपैकी एकाची खूण गाढवाची होती. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीचिंग पावडर यांची वडी. भंगारवाला जुन्या चिंध्या घेऊन बदल्यात हा दगड द्यायचा. पायरी आधी ओल्या फडक्याने पुसायची, मग दगड ओला करून कडेने पट्टा ओढायचा. ओढताना काहीच दिसत नाही, पाणी नुसतं गढूळ होतं. आत जाऊन चहा पिऊन बाहेर यावं, तोवर वाळून कडेला पांढरीशुभ्र रेघ उमटलेली असते. गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया दर आठवड्याला हे करत. ज्या घराची पायरी मळकट, त्या घराबद्दल बोललं जाई.

आईने तो दगड उलटासुलटा करून पाहिला, आणि त्याच्या कोपऱ्याने ओल्या पायरीवर कमळ काढलं. आजी शेजारी उभ्या. दोघी थांबल्या. पाकळ्या हळूहळू वर आल्या. आजींनी आवाज न करता एक शब्द म्हटला, तो काय होता ते आईने मला कधी सांगितलं नाही. पुढे आमच्या पायरीला कड आजींच्या पद्धतीची आणि मधे कमळ आमचं.

सोमवार धुण्याचा. मागच्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोरीला मधे बांबूने उचलून धरलेलं. टायटस सॉल्टला म्हणे वाळत घातलेले कपडे बघवत नसत. त्याने १८६३ मध्ये कॅरोलाइन स्ट्रीटला धुलाईघर बांधून दिलं, वाफेवर चालणारी यंत्रं बसवली. बाया फारशा गेल्या नाहीत, आणि पुढे ते बंदच पडलं. मला यात नवल वाटत नाही. आपले फाटके चार कपडे चारचौघींत कोण धुवायला नेईल? गावात दारूचा गुत्ता नाही, बागेत नियमांची पाटी, आणि स्वतः मालक राहायला लांब, हॅलिफॅक्सच्या बाजूला, क्रो नेस्ट नावाच्या वाड्यात. माणूस भला होता, शंका नाही. पण कुणी आपलं भलं करायला लागला की तो आपल्या दोरीवरचे कपडेही मोजतो.

त्या बोळात आईच्या साड्या वाळत. समोरच्या आजी एकदा मागून आल्या आणि एका साडीचा काठ चिमटीत धरून उभ्या राहिल्या. आधी सुलटी बाजू, मग उलटी. अंगठ्याने चोळून पाहिलं. मग काठापासून वीतभर आत एका जागी नख ठेवलं आणि आईकडे बघितलं. तिथे एक धागा सुटलेला होता. आईने ती साडी चार वर्षं नेसली होती आणि तो तिला कधी दिसला नव्हता. इचलकरंजीच्या कुणा विणकराची चूक सॉल्टेअरच्या विणकरणीने पकडली.

मेरीचं मला शाळेत कळलं. बाईंनी सांगितलं होतं, आपापल्या रस्त्याच्या नावाची माहिती काढून आणा. जॉर्जवाल्याला भरपूर मिळालं, टायटसवाल्याला तर वही पुरेना. मला दोन ओळी मिळाल्या. सॉल्टची मुलगी मेरी अगदी लहानपणी गेली. तिचा भाऊ व्हिटलमही तसाच. म्हणजे फॅनी, हर्बर्ट यांनी निदान आपल्या नावाचे रस्ते बघितले असतील. मेरी गेली तेव्हा इथे नुसतं गवत होतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात थांबला नाही, पण त्यानंतर मी बारकाईने ऐकत राहिले. बाकी सगळे फॅनी आणि हर्बर्टच राहिले. फक्त ही ‘आपली मेरी’ झाली. “आपल्या मेरीपर्यंत टॅक्सी येते का विचार.” “आपल्या मेरीला दिवा गेलाय, नगरपालिकेला कळवा.”

१९७८ मध्ये बाबांची नोकरी बदलली आणि आम्ही दक्षिणेकडे गेलो. आम्ही तिथे होतो तोवर सॉल्टेअरला गाडी थांबतही नव्हती. १९६५ साली स्टेशन बंद केलेलं; लीड्सच्या गाड्या गिरणीला घासून निघून जात. ते परत उघडलं १९८४ मध्ये, आणि दोनच वर्षांत गिरणी बंद पडली. १९८७ मध्ये जोनाथन सिल्व्हर या माणसाने ती विकत घेऊन तिथे ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनीची चित्रं लावली. २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी गाडीनेच गेले. स्टेशनावर उतरून वर चढले. सगळा दगड पिवळा. दारांसमोर कुंड्या, खिडक्यांत भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या पाट्या, आणि एक जपानी जोडपं मेरीच्या पाटीचा फोटो घेत होतं. आमच्या दारात कुणी नव्हतं. मी पायरीजवळ वाकून बघत बसले, तेव्हा समोरच्या घरातून एक तरुण मुलगी बाहेर आली आणि काही हवंय का असं विचारलं. मी नाही म्हटलं.

आई आता ठाण्याला असते. रात्री व्हिडिओ कॉलवर तिला गिरणी दाखवली, चित्रं दाखवली, स्टेशन दाखवलं. तिने सगळं हं हं करत पाहिलं. आता तिलाही नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तोंड मोठं करून बोलत होते.

“आपल्या मेरीची पायरी?” तिने विचारलं.

मी फोटो पाठवला. मधोमध झिजून वाटीसारखी झालेली पायरी, त्यात सकाळच्या पावसाचं थोडं पाणी. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, कडेकडेने सरकवत बराच वेळ बघितला.

“कड कुणी ओढत नाही आता,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तो दगड माझ्या कपाटात आहे. खालच्या खणात, डाव्या हाताला.”