शुभांशु शुक्लांचं लॅबमधलं ट्रेनिंग

अंतराळवीरांचं ट्रेनिंग म्हटलं की आपल्याकडे टीव्हीवर लगेच ते गरागरा फिरणारं सेंट्रिफ्यूज आणि विमानात तरंगणारी माणसं दाखवतात. तेही अवघडच आहे, शुभांशु शुक्ला आणि गगनयान या भारताच्या स्वतःच्या मानवी मोहिमेसाठी निवडलेले बाकीचे तिघं २०२० ते २०२१ मॉस्कोजवळच्या गागारिन सेंटरमध्ये हे सगळं करून आलेत, बर्फातल्या जंगलात तग धरून राहण्यापर्यंत. पण शुक्ला ज्या मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर (स्पेस स्टेशनवर) गेले त्या ॲक्सिअम-४ बद्दल वाचत गेले तसं मला त्याहून भारी वाटलं ते म्हणजे एका फायटर पायलटला लॅबचं काम शिकवणं.

कारण स्टेशनवर ही मंडळी गेली होती ती प्रयोग करायला. २५ जून २०२५ ला उड्डाण, १५ जुलैला परत, आणि तेवढ्यात ३१ देशांचे जवळपास ६० प्रयोग! त्यातले सात इस्रोने निवडलेले. धारवाडच्या शास्त्रज्ञांचे मेथी-मूग तिथे मोड आणायला ठेवले होते, बंगळुरूचा स्नायूंच्या पेशींचा प्रयोग होता, टार्डिग्रेड म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे चिवट जीव होते, सूक्ष्म शैवाल होतं. शास्त्रज्ञ सगळे खाली आणि त्यांची कित्येक वर्षांची मेहनत वर एकाच माणसाच्या हातात, सॅम्पल वाया गेलं तर दुसरं आणणार कुठून?

मी स्वतः पेशी वाढवायचं काम केलंय म्हणून सांगते, सिरिंजमध्ये बुडबुडा आला की आपण ती उभी धरतो, टिचकी मारतो, बुडबुडा वर येतो आणि काढून टाकतो. तिथे 'वर' असं काही नाहीच, बुडबुडा जिथे असेल तिथेच राहतो, आणि पाण्याचा थेंब सुटला की खाली पडायच्या ऐवजी तरंगत कुठेतरी जाऊन चिकटतो. स्नायूंच्या पेशींचं काम तर ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे बंद पेटीत जाड हातमोज्यांतून हात घालून करायचं. आणि स्क्रीनवर दिवसभराचं वेळापत्रक असतं, त्यावर एक लाल रेष सतत पुढे सरकत असते, तुमचं काम झालेलं असो नसो. म्हणून ह्यूस्टनला स्टेशनच्या मॉक-अपमध्ये, म्हणजे हुबेहूब प्रतिकृतीत, एकेक स्टेप हातात बसेपर्यंत घोटून घेतात. त्यात त्यांची कमांडर पेगी व्हिटसन, स्वतः बायोकेमिस्ट, स्टेशनवर आधीही राहून आलेली, यापेक्षा चांगली सोबत काय हवी!

अजून एक, हे मला मनापासून लिहायचं होतं. ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर या मोहिमेचे बॅकअप होते. शुक्लांना ऐनवेळी काही झालं असतं तर तेच गेले असते, म्हणजे तयारी तेवढीच, मेहनत तेवढीच, आणि उड्डाण सारखं पुढे ढकललं जात होतं तेव्हा तेवढंच तयार राहायचं. शाळांमधून आता शुक्लांचे फोटो लागलेत, लागायलाच हवेत, पण माझं म्हणणं आहे की शेजारी नायर सरांचाही लावा.