उणे ५३८९७६२८९ ग्रॅम हळद

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी सी भाषेत पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पावतीचा, प्रोग्राम लिहिला आहे. प्रत्येक पोत्याचे वजन ग्रॅममध्ये नोंदवून, हमाली-तोलाईचा हिशेब करून पट्टी छापणे, एवढेच त्याचे काम. गेल्या हंगामात एका पट्टीवर लागोपाठच्या दोन पोत्यांचे वजन ग्रॅमपर्यंत सारखे छापले गेले. काटा तपासला, तो बरोबर निघाला. दोष प्रोग्राममध्येच होता, परंतु लिनक्सवर पुन्हा पुन्हा चालवूनही तो मला सापडेना.

शेवटी तोच प्रोग्राम घरच्या जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी या, लिनक्ससारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवला, तेव्हा पहिल्याच पट्टीवर वजन आले उणे ५३८९७६२८९. ओपनबीएसडीचा मॅलॉक, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणारी यंत्रणा, फ्री केलेल्या (काम संपल्यावर परत केलेल्या) मेमरीच्या लहान तुकड्याचा प्रत्येक बाइट हेक्स डीएफ (सोळाच्या पायावरील डीएफ, म्हणजे २२३) या मूल्याने भरून टाकतो, आणि असे चार बाइट चिन्हांकित पूर्णांक म्हणून वाचले की नेमकी हीच संख्या मिळते. पोत्याची नोंद फ्री झाल्यावर छपाईचे फंक्शन तिच्यातूनच वजन वाचत होते. लिनक्सवर त्या जागी बहुधा जुने वजन शाबूत राही. क्वचित तिथे पुढच्या पोत्याची नोंद येऊन बसे.

यासाठी मला कोणताही पर्याय चालू करावा लागला नाही, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतही अशी मेमरी भरण्याची सोय एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलद्वारे (प्रोग्राम चालवण्यापूर्वी बाहेरून द्यायच्या सेटिंगद्वारे) आहे, पण ज्याला आधीच शंका आली आहे तोच ती वापरणार. फ्रीबीएसडी ही तशीच आणखी एक सिस्टिम विकासशाखेत मॅलॉकच्या तपासण्या चालू ठेवते आणि रिलीजमध्ये वेगासाठी बंद करते. हे मला पटत नाही, कारण माझी चूक यार्डातल्या खऱ्या पोत्यांवरच उघडी पडली. ओपनबीएसडी मेमरीच्या मोठ्या, पानांच्या मापाच्या तुकड्यांचा केवळ सुरुवातीचा भाग भरते, त्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो.

लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) २०१९ साली, ५.३ आवृत्तीत, वाटप करतानाच मेमरी शून्याने भरण्याचा पर्याय आला. माहिती फुटू नये म्हणून तो उत्तमच आहे. चूक शोधायला मात्र शून्यापेक्षा हेक्स डीएफ बरे, कारण शून्य हे हिशेबात सहज खपून जाते.

फ्रीची ओळ छपाईच्या खाली नेली. नंतर हंगामातल्या सगळ्या पट्ट्या काट्याच्या नोंदींशी पडताळल्या, आणि ज्या शेतकऱ्यांना कमी पैसे गेले होते त्यांना दुकानदाराने फरक चुकता केला.