आमची वाटचाल : कोल्हापुरातनं ऑर्किडच्या कुंड्या आणि मीडिया

आम्ही ऑर्किडची झाडं विकत नाही, त्यांना लागणाऱ्या कुंड्या बनवून घेतो आणि त्यात भरायचा मीडिया, म्हणजे मातीऐवजी मुळांभोवती घालायचं मिश्रण, तयार करून देतो, एवढंच आमचं काम. मी आणि बायकोनं मिळून सुरू केलं, आता भाचापण मदतीला आहे.

तिच्या गॅलरीतली ऑर्किडं चांगली फुलायची म्हणून ओळखीच्या बायका आपापली झाडं दाखवायला घेऊन यायच्या. बहुतेक झाडांचं दुखणं एकच, नर्सरीतनं आणलेलं फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) घरी येऊन सरळ लाल माती आणि शेणखतात लावलेलं, मुळं काळी पडलेली. आपल्याकडं झाड म्हटलं की माती आलीच, लोकांना तरी काय बोलायचं. पण फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, वांडा ही ऑर्किडं जंगलात दुसऱ्या झाडाच्या खोडावर वाढणारी. लांब कशाला, राधानगरी-दाजीपूरकडं पावसाच्या तोंडावर गेलात तर सीतेची वेणी, आपल्याकडचं रानातलं ऑर्किड, फांदीवरनं लोंबताना दिसते, मुळं उघडीच, पावसात भिजतात आणि वारं लागलं की सुकतात. या मुळांवर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात, ते पाणी पटकन ओढून घेतं पण कायम ओलं राहिलं आणि हवा मिळाली नाही तर मूळ कुजणारच. (ती वेणी तिथंच राहू द्या, अभयारण्यातनं झाड काढणं गुन्हा आहे. असलं झाड घेऊन कोण आलं तर आम्ही त्याला कुंडी देत नाही.)

तेव्हा इथं मिळणाऱ्या मातीच्या कुंड्यांना बुडाला एकच भोक असायचं. म्हणून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो.

"मामा, बाजूनं पण भोकं पायजेत."

"मग पाणी कुठं थांबणार?"

"थांबायलाच नको."

"मग चाळण घे की लेका!"

पण मामांनी करून दिल्या. माती फार ओली असताना भोक पाडलं तर कुंडी वाकडी होते, पार वाळल्यावर पाडलं तर तडा जातो, त्यामुळं भांडं जरा आवळलं की त्याच टायमाला भोकं पाडून घ्यायची आणि मग आव्यात भाजायचं, हे सगळं त्यांचंच ज्ञान. गणपतीच्या आधीचे महिने त्यांचा सगळा वेळ मूर्तीत जातो आणि पावसात कच्ची भांडी वाळतपण नाहीत, म्हणून आमचा वर्षाचा स्टॉक दिवाळी ते मे या काळातच तयार होतो, श्रावणात कुणी मोठी ऑर्डर दिली तर सरळ नाही सांगतो.

सगळ्यात जास्त बोलणं होतं ते साइजवरनं. "दादा, झाड एवढं आणि कुंडी एवढुशी?" हो, एवढुशीच. मुळांच्या गड्ड्यापेक्षा इंचभर मोठी बास, घरातल्या बहुतेक फॅलेनॉप्सिसला ४ ते ५ इंची पुरते. मोठ्या कुंडीत मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि कूज तिथनंच सुरू होते.

मीडियात लोणारी कोळसा, भाजक्या विटेचे आणि जुन्या कौलाचे तुकडे, पाइनची साल आणि नारळाच्या सोडणाचे चिप्स. पाइनची साल हिमालयाच्या बाजूनं येते, सोडणं कोकणातनं घाट चढून. त्या सोडणात क्षार असतात, ते मुळांना जाळतात, म्हणून आम्ही पाणी बदलत बदलत भिजवतो, धुतो, वाळवतो आणि चाळून बारीक-मोठं वेगळं करतो. यात लय वेळ जातो, रेट थोडा जास्त आहे तो यामुळंच.

आता मुद्द्याचं, आम्ही गिऱ्हाइकाला आधी विचारतो की कुंडी कुठं ठेवणार आणि पाणी कोण घालणार. झाड कुठलं ते नंतर. राजारामपुरीत फ्लॅटची पूर्वेची गॅलरी असेल, वरनं पाऊस लागत नसेल, तर पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, साल आणि थोडं मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ). मुळं बाहेरनं दिसतात, हिरवी असली की ओल आहे, चंदेरी झाली की पाणी द्या, नवख्या माणसाला याच्यासारखी सोय नाही. तेच झाड गगनबावड्याला उघड्यावर ठेवणार असाल तर मॉसचं नावपण काढू नका, तिथला पाऊस शहराच्या कित्येक पट, तिथं मातीची भोकाची कुंडी आणि निव्वळ कोळसा नि विटेचे तुकडे. मातीची कुंडी अंगातनं पाणी सोडते म्हणून गार राहते, उन्हाळ्यात ते बरं, पण लवकर सुकते आणि मुळं आतनं चिकटतात, बदलायच्या आधी ती भिजत ठेवावी लागते. बोअरचं पाणी असलं की बाहेरनं क्षाराचा पांढरा थर पण येतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. कोळसा आणि विटा धुऊन वापरता आल्या, साल आणि सोडणं टाकून द्यावी लागली. आता माल वरच्या मजल्यावर असतो.

जुनी गिऱ्हाइकं साधारण दोन वर्षांनी कुंड्या घेऊन परत येतात, कारण तोवर साल कुजून बारीक झालेली असते आणि हवा खेळत नाही. फॅलेनॉप्सिसचं फुलं गेल्यावर बदलतो, डेंड्रोबियमचं बुडातनं नवीन मुळं दिसायला लागली की.

सध्या वांडासाठी सागवानी पट्ट्यांच्या बास्केट बनवून घेतोय. वांडाला मीडिया नसला तरी चालतो हे खरं, पण मग एप्रिल-मेमध्ये रोज दोनदा मुळं भिजवायला घरात कोणतरी पाहिजे. दिवसभर ऑफिसात असणाऱ्यांना आम्ही बास्केट देताना त्यात मोठा कोळसा भरूनच देतो.