तुम्ही विचारलंत म्हणून: गावांची नावं मी का सांगत नाही

"ताई, हल्ली कुठं जाता ते कळतच नाही. फोटो नाही, गावाचं नाव नाही. काय झालं?"

दोन वर्षांत हे मला गिऱ्हाइकांनी विचारलं, वर्गमैत्रिणींनी विचारलं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत भेटलेल्या एका बाईंनी तर कानाशी ओरडून विचारलं. दर वेळी मी "अहो, वेळच होत नाही" म्हणून सुटले. ते खरं नव्हतं. आमच्या शिलाईच्या कारखान्यातला युनिफॉर्मचा सीझन जूनमध्ये ओसरला की मला वेळ असतो, आणि दिवाळी ते महाशिवरात्र मी आणि मोठ्या जाऊबाई महिन्यातले दोन रविवार तरी गाडी काढतोच. सांगणं तेवढं बंद केलंय.

आधी फोटोंसकट मेसेज पाठवून जे सांगत होते त्याची मला लाज वाटत नाही, हे पहिल्यांदा लिहून ठेवते. आपल्याकडं पाहुणा आला की सकाळी अक्कलकोट, दुपारी तुळजापूर, संध्याकाळी पंढरपूर, रात्री गाडीत बसवून दिला की झालं. मधल्या गावांकडं कुणी मान वळवून बघत नाही. भीमा आणि सीना जिथं मिळतात त्या हत्तरसंग कुडलला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा संगमेश्वराच्या देवळात आम्ही दोघीच होतो. तिथल्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. आपल्या भाषेतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, आणि तो उजेडात आणला आपल्याच सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. "वाछि तो विजेया होईवा." वाचेल तो विजयी होईल. जाऊबाईंनी मान वर करून एकेक अक्षर लावलं आणि शेवटाला आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद कोरून ठेवलाय आणि रविवारी सकाळी वाचायला कुणी नाही, याचा मला संताप आला. मी लिहायला लागले ते त्या संतापानं.

आणि लोक जायला लागले. तेरचं वस्तुसंग्रहालय बघायला एक निवृत्त मास्तर माझा मेसेज वाचून नातवंडांना घेऊन गेले. तिथली हस्तिदंती बाहुली बघून नातीनं काय काय विचारलं ते त्यांनी मला फोनवर अर्धा तास सांगितलं. करमाळ्याच्या कमलाभवानीची शहाण्णव पायऱ्यांची विहीर कितीतरी जणांनी माझ्यामुळं पाहिली. हे वाईट होतं असं मला कुणी म्हणू नये.

आता ते बंद का केलं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. बार्शीकडून परत येताना एका फाट्यावरून आत वळलो. गावाचं नाव सांगणार नाही. वेशीपासून थोडं पुढं एक वाडा होता. सागवानी चौकट, तिच्यावर कोरलेली वेलबुट्टी, आणि आतलं अर्धं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली आलेलं. तुळया तिरक्या लोंबत होत्या, पांढऱ्या मातीचा ढीग सोप्यापर्यंत आला होता. ढेलजेत एक आजी सुपात तुरी पाखडत बसल्या होत्या. पडलेल्या छतातनं उन्हाचा एक झोत बरोबर त्यांच्या सुपावर येत होता आणि पाखडताना उडणारा कोंडा त्यात सोन्यासारखा दिसत होता.

"कुठनं आलाव?"

"सोलापूरनं, आजी."

"मग बसा की. च्या ठेवते."

मी विचारलं, फोटो काढू का. "काढा की, त्यात काय इचारायचं," म्हणाल्या. पदर नीट केला, कुंकवावरनं बोट फिरवलं आणि ताठ बसल्या. मी त्यांना म्हटलं, नका बघू माझ्याकडं, पाखडत राहा. हे मला आता फार आठवतं. त्यांना ताठ बसून फोटो हवा होता. मला पाखडतानाचा हवा होता.

रात्री तो फोटो पाठवला. खाली गावाचं नाव, माझं नाव आणि ओळ लिहिली: "इथं काळ थांबलाय. किती देखणी पडझड!" त्या ओळीवर मी खूश होते. माझ्या कुठल्याच फोटोला मिळाली नव्हती एवढी दाद त्याला मिळाली. कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला तो.

नवव्या दिवशी दुपारी कारखान्यात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. नंबर त्यांनी कुणाकडनं तरी मिळवला होता.

"मॅडम, त्या फोटोतली बाई माझी आई आहे."

ते पिंपरीला एका कंपनीत आहेत. सप्टेंबरच्या पावसात माळवद पडलं. चुलत्यांशी हिश्श्याची केस चालू आहे, निकाल लागेपर्यंत दुरुस्तीला हात लावता येत नाही. आई दोन खोल्यांत राहायला येत नाही, आली तरी आठ दिवसांत परत जाते. आणि तो फोटो त्यांच्याच कंपनीच्या ग्रुपवर आला होता. माझी ओळ कुणीतरी काढून टाकली होती, दुसरी लिहिली होती: मुलं शहरात मजेत, आई अशी. खाली लोकांनी त्या मुलांना शिव्या घातल्या होत्या. कॅन्टीनमध्ये शेजारच्यानं मोबाईल पुढं केला आणि "बघ रे, कसली औलाद असते" म्हणाला. ते "हो ना" म्हणाले.

माझी मूळ ओळ त्यांनी नंतर शोधून वाचली होती. आवाज चढवला असता तर मी बोलू शकले असते. त्यांनी फक्त विचारलं, "देखणी पडझड म्हणजे काय, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही. शिलाई मशीनच्या आवाजात मी फोन धरून उभी राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला घर आवडलं, बरं वाटलं. पण ते पडलंय हो." आणि फोन ठेवला.

फोटो मी काढून टाकला. पुढं गेलेला परत येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

जाऊबाईंचं म्हणणं आजही ठाम आहे. "तू विचारून काढलास. तुझी ओळ कुणी बदलली त्याला तू काय करणार?" खरं आहे. मी स्वतःलाही पुष्कळदा हेच सांगितलं. पण ओळ बदलली नसती तरी त्या मुलानं तोच प्रश्न विचारला असता, हेही मला कळतं.

महिन्यानं माफी मागायला गेलो. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून एक इरकल लुगडं घेतलं. आजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलानं सांगितलं नव्हतं. तयार करून नेलेलं सगळं बोलणं माझ्या घशात अडकलं. लुगडं त्यांनी मांडीवर ठेवलं, काठ चाचपला आणि विचारलं, "फोटू आणला का? आधारकार्डावरचा सोडला तर माझा एक फोटू न्हाई घरात."

मी आणला नव्हता.

मग माफी कुणाची मागायची होती? ज्यांचा फोटो त्यांना तो हवाय. ज्यांचा नाही त्यांची मान त्यानं खाली गेली. परवानगी कुणाची धरायची?

त्यानंतर मंगळवेढ्याला गेलो. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, ते हेच गाव, साल १३३८. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं म्हणून नामदेवांनी ती ओळखली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बरोबर गाडले गेलेले मजूर कोण होते, त्यांची नावं कथेत येत नाहीत. मंगळवेढ्यावर मी पूर्वी लिहिलं होतं ते काढून पाहिलं. दामाजीपंतांनी दुष्काळात उघडलेली कोठारं होती, काळी रानं होती, गुळभेंडीचा हुरडा होता. भिंत एका ओळीत उरकली होती.

म्हणून मी ठरवलं की दगडाचं सांगायचं, घरांचं नाही. नळदुर्गच्या पाणीमहालाबद्दल विचारा, मी भरभरून सांगेन. १६१३ सालचा तो बंधारा, पावसाळ्यात नर आणि मादी दोन्ही सांडव्यांवरून बोरी नदी कोसळत असते आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात तुम्ही कोरडे उभे असता. तिथं जरूर जा. पण हा नियमही टिकत नाही. परंड्याचा किल्ला बघून बाहेर पडलो की लगेच गल्ली लागते. एका दारात मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, भिंतीला निळा रंग, वर पडका सज्जा. हात पर्सकडं गेला. जाऊबाई म्हणाल्या, "काढ की." मी नाही काढला, आणि घरी येईपर्यंत त्या निळ्या रंगासाठी हळहळत राहिले.

तेरला गेलेल्या मास्तरांचा परवा पुन्हा फोन होता. पुढच्या सुट्टीत नातवंडांना कुठं नेऊ, विचारत होते. त्यांना कुडल सांगितलं. त्या पोरांनी तुळईवरचा लेख वाचावा असं मला मनापासून वाटतं. वाटेतल्या गावांचं काही सांगितलं नाही.

आजींच्या फोटोची मोठी प्रत मी काढून घेतलीय. त्या दिवशीचा पहिलाच फोटो, पदर नीट करून ताठ बसलेल्या. मागं पडलेलं माळवद त्यातही दिसतं. भिंतीवर लागला तर सुट्टीला आलेला मुलगा तो बघणार. त्यांना आधी फोन करावा तर तो दिवस परत उकरायचा. गाडीच्या कप्प्यात पाकिटात आहे. या हिवाळ्यात त्या फाट्यावरून दोनदा गेलो. दोन्ही वेळा जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी गाडी सरळ नेली.