रजा मंजूर

कार्तिकीची दिंडी आणि एक नोव्हेंबर, दोन्ही नेमकं एकमेकांच्या आसपास यायचं. बेळगावात त्या दिवशी एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची निषेध फेरी, आणि मधे आम्ही काठी घेऊन. मी घरचा मराठी, अंगावर कर्नाटक पोलिसांची खाकी. दोन्हीकडची बोलणी खाल्ली, ते असू दे. त्या दिवसांत रजेचा अर्ज म्हणजे हसायचंच काम. मंडळी तुळस घेऊन जायची, मी बंदोबस्तात.

एएसआय म्हणून रिटायर झालो आणि पहिल्याच कार्तिकीला पिशवी भरली. "अहो, ते बूट ठेवा की घरात. चप्पल घाला," ही म्हणाली. ऐकलं. तरी हत्तरगी येईपर्यंत पोटऱ्या दगड झाल्या.

दिंडीत मला साहेब कोण म्हणेना. एकतर माऊली, नाहीतर "काकींचे मालक". हा जिल्हा मला पाठ आहे असं मी समजत होतो. पाठ होता, पण गुन्ह्यांवरून. या गावात बांधाचं भांडण, त्या गावात मोटारपंपाची चोरी. हिला तीच गावं वेगळी माहीत. बायकांना अंघोळीला न्हाणी कोण उघडून देतं, ताक कुठं मिळतं, कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालंय. संकेश्वर सोडून चिकोडीकडं जाताना एका अंगणात म्हातारीनं हिला पोटाशी धरलं, मला म्हणाली, "बर्री, ऊटा माडरी." म्हणजे या, जेवा. कडक रोट्टी, शेंगाचटणी, वर दही. त्याच गल्लीत मी एकदा पंचनाम्याला येऊन गेलो होतो. तेव्हा चहासुद्धा कोणी विचारला नव्हता, आणि विचारायचं कारणही नव्हतं म्हणा.

हरिपाठात मी कच्चा. पखवाजाच्या जवळपास फिरकलो नाही. काम मिळालं ते शेवटच्या रांगेमागं, हातात लाल झेंडी, तोंडात शिट्टी. 2022 च्या कार्तिकीत सांगोल्याजवळ जुनोनीत दिंडीत गाडी घुसून सात वारकरी गेले होते. त्यामुळं पहाटेच्या अंधारात चालायला माझा विरोध. वीणेकरीबुवा म्हणाले, उन्हाच्या आधी टप्पा गाठावा लागतो. मग तडजोड झाली: शेवटच्या दोन ओळींना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, आणि टेम्पो पुढं न ठेवता मागं, दिवे लावून. कागवाडच्या सीमेवर चेकपोस्टवरच्या पोरानं मला ओळखून सॅल्यूट ठोकला. बायका दिवसभर हसत होत्या.

पंढरपुरात रांग बघूनच छाती दडपली. ओळख काढून आत जाता येतं का बघू, म्हटलं. ही माझ्याकडं बघतच राहिली. चंद्रभागेत अंघोळ केली, नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाला हात जोडले, झालं. नातवाला चुरमुरे आणि बत्तासे घेतले. लेकीचा फोन आला, "पप्पा, पाय कसे आहेत?" म्हटलं, आईला विचार, रिपोर्ट तिच्याकडं आहे.

परतीच्या गाडीत मिरजेपर्यंत झोपलो. तेवढ्यात हिनं पुढच्या वर्षीच्या वर्गणीच्या वहीत माझं नाव परस्पर लिहून टाकलं होतं. नावापुढं कामाच्या रकान्यात एकच शब्द: शिट्टी.