गॅसच्या बटणाचे फोटो

वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसते. हल्ली लोक निदान घरूनच करून येतात, रील्सची कृपा. हे गृहस्थही तसेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "मॅडम, आईला ओसीडी आहे. चार-चारदा ओटा पुसते, सोवळ्यात कुणाला शिवू देत नाही."

आजींना विचारलं, "ऐन पूजेच्या वेळी पाणी गेलं तर?"

"काय करणार? देवाला कळतं!" आजी खुदकन हसल्या.

माझं अर्धं काम तिथेच झालं. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. त्यातलं ऑब्सेशन म्हणजे आवड नव्हे, शिस्तही नव्हे. नको असताना डोक्यात घुसून घाबरवणारा विचार तो. ती भीती शमवायला जे करावंच लागतं, ते कम्पल्शन. त्यात रोज तासाहून जास्त वेळ जायला लागला किंवा कामधंदा, संसार अडायला लागला, तर निदानाचा विचार करायचा. आजींचं यात काहीच बसत नव्हतं. तरी फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी सुरू केली होतीच!

बोलता बोलता गृहस्थांचा फोन सारखा वाजत होता. दर वेळी ते स्क्रीनवर दोन बोटं फाकवून काहीतरी मोठं करून बघायचे. विचारल्यावर त्यांनी ओशाळून फोन पुढे केला. गॅसच्या बटणाचे फोटो, गॅलरीभर. ऑफिसात धडधडलं की ते बायकोकडून मागवायचे. पूर्वी अर्ध्या रस्त्यातून स्कूटर वळवून परत यायचे.

ओसीडी किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या येल-ब्राउन स्केलवर गृहस्थांना 40 पैकी 26. तिथे 24 पासून गंभीर समजतात.

फोटो आला की धडधड थांबते, आणि थांबते म्हणूनच उद्या पुन्हा फोटो लागतो. हे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. इंटर्नशिपला येणाऱ्या मुली अजूनही याला शिक्षा समजतात, आणि माझं डोकं फिरतं. अगं, शिक्षेनं वागणं कमी होतं. इथे त्रास टळतो म्हणून ते वाढतं!

उपचार ईआरपीचा, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनचा. पायरीपायरीनं भीतीला सामोरं जायचं आणि खात्री करून घ्यायची नाही. म्हणजे फोटो बंद. बायकोला बोलावून तसं सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "मॅडम, दिवसभरात ह्यांचा मेसेज येतो तो एवढाच."

कुटुंबानं आजाराला असं सांभाळून घेण्याला आमच्याकडे फॅमिली अकोमोडेशन म्हणतात. घरचे त्याला वैतागलेले असतात, असं मी धरूनच चालले होते. शुक्रवारी दोघांना एकत्र बसवतेय. आधी फोटोंचं काढू की मेसेजचं, ते काही ठरत नाहीये.