पानं नव्वद, पाट साठ

शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप घेऊन मी हॉलमध्ये फतकल मारून बसलो आणि कॉम्प्युटरच्या पोटात हात घातला. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती. "कुणाचं ब्लाउज बेततोयस?" तिनं विचारलं.

तसं पाहिलं तर मी छातीचंच माप घेत होतो. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती जागा? साडेदहा इंच. गेममधली चित्रं पडद्यावर काढायला मला हवं असलेलं ग्राफिक्स कार्ड २४० मिलिमीटर लांब. टेपेला सेंटिमीटरची बाजू असते, पण ती नेमकी खाली गेलेली आणि वरून वायरींचं जंगल. शेवटी मोबाइलचा टॉर्च दातात धरून गुणाकार केला. साडेदहा इंच म्हणजे २६६ मिलिमीटर. मधे आडवा येणारा एका केबलचा कोपरा वजा केला, तरी बोटभर माया सुटत होती. मशीनवर बसणाऱ्या माणसाला माया म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बायको म्हणाली, "बसेल मग," आणि आत गेली. किंमत तिला अजून सांगितलेली नव्हती.

आमचा कॉम्प्युटर २०१८चा. पाचपाखाडीत राहायला आलो त्या वर्षी असेंबल करून घेतलेला. त्यात जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड होतं, चार जीबीचं. फार गुणी कार्ड. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते आणि ते तेवढ्यातच भागवायचं, वेगळी वायर मागायचं नाही. घरात जे शिजलं असेल ते जेवणाऱ्या पेइंग गेस्टसारखं. पण २०१६चं कार्ड ते, अलीकडच्या खेळांपुढे त्याची दमछाक व्हायला लागली होती. मग मी चित्राच्या दर्जाची सेटिंग कमी करत गेलो. आधी हाय, मग मीडियम, मग लो. लोवर खेळताना पहिली जाते ती सावली. माझा आवडता खेळ म्हणजे एका मोठ्या शहरात गाडी घेऊन हिंडायचं, जमलं तर कामगिऱ्या करायच्या. चार वर्षं मी त्या शहरात हिंडलो आणि तिथल्या एकाही माणसाची सावली जमिनीवर पडत नव्हती. लहानपणी कोकणात आजीनं भूत ओळखायच्या दोन खुणा सांगितल्या होत्या: पाय उलटे आणि सावली नाही. पाय मी तपासले नाहीत.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसानं गेम खेळावेत का, हा प्रश्न मला लग्नकार्यांत विचारला जातो. माझे साडू रोज रात्री दोन तास बातम्यांच्या चॅनेलवरची भांडणं बघतात, त्यांना कुणी विचारत नाही. कॉलेजात असताना नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत आम्ही सहाजण तासावर पैसे भरून काउंटर-स्ट्राइक खेळायचो. त्यांतले चौघं आता परदेशात. उरलेल्या दोघांतला एक मी.

कार्ड नेमकं करतं काय, हे मी बायकोला एकदा पंगतीवरून समजावलं होतं. साध्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रं काढायची तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. प्रोसेसर हा आचारी. हुशार, कुठलाही पदार्थ करून दाखवेल, पण माणसं मोजकी. आमच्या प्रोसेसरला सहा कोअर, म्हणजे सहा आचारी. त्यांना पंगतीत वाढायला पाठवलं तर पहिल्या पानावरचा भात निवेपर्यंत शेवटच्या पानाला मीठही पोचायचं नाही. कार्ड म्हणजे वाढपी पोरं. एकेकाला अक्कल बेताची, पण शेकड्यांनी असतात आणि सगळी एकदम वाढतात. माझ्या जुन्या कार्डात असे ७६८ वाढपी होते. ज्यावर डोळा होता त्या आरटीएक्स ४०६०मध्ये ३०७२. नवी पोरं चटपटीतही जास्त, त्यामुळे नुसतं चौपट म्हणणं हा त्यांचा अपमान.

"आणि जेवतं कोण?" बायकोनं विचारलं होतं.

"मी."

नवं कार्ड घ्यायला मी तीन वर्षं थांबलो होतो. आधी चिपचा तुटवडा, त्यात २०२१मध्ये इथेरियम नावाचं आभासी नाणं खणायला, म्हणजे कार्डांकडून अहोरात्र हिशेब करवून ते मिळवायला, लोकांनी कार्डं पोत्यानं उचलली आणि भाव असे चढले की नुसती चौकशी केली तरी दुकानदार कीव केल्यासारखा बघायचा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमनं ती खणण्याची पद्धतच बंद केली आणि राबवलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. एक मलाही स्वस्तात मिळत होतं. पण रात्रंदिवस भिवंडी बायपासला पळालेली रिक्षा नुसता रंग मारून दारात उभी केली तर आपण घेऊ का? सांभाळून वापरलेलीही असतात म्हणे. माझी हिंमत झाली नाही.

२०२३च्या दिवाळीचा बोनस हातात आला आणि मी कळव्याच्या भाच्याला तलावपाळीवर गाठलं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. भेळ संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न टाकला, "मामा, तुझा एसएमपीएस किती वॉटचा आहे?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं जो डबा घरातली वीज कॉम्प्युटरला वाढत होता, त्याचं नाव-गाव मी विचारलेलं नव्हतं. घरी येऊन पाहिलं. लेबल अर्धं उडालेलं, उरलेल्या भागावर साडेतीनशे वाचता येत होतं. नवं कार्ड ११५ वॉट खाणार, स्लॉटचे ७५ त्याला पुरणार नाहीत, त्याला आठ पिनांची स्वतंत्र वायर लागते. आमच्या डब्याला ती नव्हतीच. म्हणजे या पाहुण्याचं ताट वेगळं मांडायचं आणि आधी गॅसची शेगडी बदलायची. नालेसाठी घोडं म्हणतात ते असं सुरू होतं. भाच्याला मात्र मानलं पाहिजे, बोर्ड नि प्रोसेसरला त्यानं हात लावू दिला नाही. "चालेल अजून," म्हणाला. एरवी त्याच्या वयाची मुलं सगळंच बदलायला सांगतात.

ऑनलाइन भाव साधारण तोच होता, पण एवढे पैसे मोजताना वस्तू हातात घेऊन बघावीशी वाटते. शनिवारी ठाण्याहून दादर, पूल ओलांडून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर विचारतच राहाल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. आपलं नाव पुढे रॅम आणि केबल विकणाऱ्यांच्या तोंडी राहणार आहे हे त्या बिचाऱ्याला स्वप्नातही आलं नसेल. कार्ड घेतलं, साडेपाचशे वॉटचा एसएमपीएस घेतला, अठरा टक्के जीएसटीचं पक्कं बिल घेतलं आणि खोका छातीशी धरून दादरला ठाणे स्लोमध्ये घुसलो. कुर्ल्याला गर्दीनं मला दारापासून पार आत ढकललं. खिडकीतल्या काकांनी खोका मांडीवर घेतला, वरचं चित्र बघितलं. त्यावर तीन पाती असलेले दोन पंखे असावेत असं काहीतरी होतं.

"एक्झॉस्ट फॅन?"

"हो," मी म्हणालो. मुलुंडपर्यंत त्यांनी मला एक्झॉस्ट फॅन कुठल्या भिंतीला लावावा ते समजावलं.

जुनं कार्ड काढताना त्याच्या पंख्यावरून धुळीची अख्खी गोधडी निघाली. नवं बसवताना एक स्क्रू मदरबोर्डखाली घरंगळला. कॅबिनेट उचलून उलटं केलं, हलवलं, मुलीनं चिमटा आणला, शेवटी तो माझ्या मांडीखाली सापडला. स्लॉटमध्ये कार्ड दाबल्यावर कट् असा बारीक आवाज आला. आठ पिनांची वायर लावली, मॉनिटरची केबल कार्डाच्या मागे लावली, बटण दाबलं. चाललं. जुनं कार्ड भाच्यानं सल्ल्याची दक्षिणा म्हणून नेलं.

त्या रात्री सगळी सेटिंग हायवर नेऊन मी खेळ उघडला. खेळातही संध्याकाळ होती. मी गाडीतून उतरलो. आणि एका फळवाल्याच्या हातगाडीची सावली फुटपाथवरून चढून भिंतीला टेकलेली दिसली. तिच्या चाकांच्या आऱ्यांमधून उजेड पडला होता, आऱ्यांची सावली वेगळी, उजेडाच्या फाकी वेगळ्या. मी बाजूला सरकलो तर माझी सावली तिच्यात मिसळली. त्या कोपऱ्यावरून मी चार वर्षांत शेकडो वेळा भरधाव गेलो असेन. तिथे फळवाला आहे हे मला ठाऊक होतं. त्याच्याकडे ऊन येतं हे ठाऊक नव्हतं. कामगिरी राहिली बाजूला, अंधार पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "फ्रेम किती?" कोपऱ्यात आकडा लावून बघितला तर सेकंदाला नव्वद चित्रांच्या आसपास. "मग वाया जातायत. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, सेकंदाला साठच चित्रं दाखवतो."

म्हणजे आत नव्वद पानं वाढून तयार आणि बाहेर पाट साठच. घोडं अजून पुरतं आलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला, आणि त्याची किंमत बायकोला आधी सांगितली, कारण कार्डाच्या वेळचं प्रकरण ताजं होतं.

मग आठ दिवस मी घरी येईल त्याला हाताला धरून दाखवत होतो. सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले, त्यांनाही बसवलं. गाडी वळवून दाखवायचो. "बघा, कुठे अडकत नाही. सुरीनं लोणी कापावं तसं. डोळ्यांना फरक कळतो ना?" सेक्रेटरी म्हणाले, कळतो. मलाही कळत होता. जुन्या मॉनिटरवर आपण इतकी वर्षं कसे काय खेळलो, असं मी दोनदा तरी म्हणालो.

नवव्या दिवशी मुलगी शाळेचं प्रेझेंटेशन करायला बसली. अक्षरं बारीक दिसतात म्हणून तिनं डिस्प्ले सेटिंग उघडलं. थोड्या वेळानं हाक आली, "बाबा, हा १४४चा आहे ना? इथे तर साठच निवडलेलं आहे."

मी चष्मा लावून वाकलो. साठच होतं. मॉनिटर लावल्यापासून ते कुणी बदललंच नव्हतं. तिनं यादी उघडून १४४ केलं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. मी माउस गोल फिरवला. बाण आता माउसला दोऱ्यानं बांधल्यासारखा फिरत होता. फरक इतका ढळढळीत होता की मला काही बोलता येईना.

"मग आठ दिवस लोणी लोणी म्हणत होतास, ते काय होतं?" मुलीनं विचारलं.

"डालडा," स्वयंपाकघरातून आवाज आला.